चहा संपेपर्यंतचा उजेड

हिवराज गेल्याची बातमी मला झेंडूच्या चौकटीतून कळली. आम्हा निवृत्त शिक्षकांचा मोबाइलवर एक गट आहे. एरवी तिथे सुप्रभात आणि गुडघेदुखीचे उपाय येतात. त्या दुपारी तिथे हिवराजचा फोटो आला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याचा धड असा फोटो कोणाकडेच नव्हता. कोणाच्या तरी दुकानाच्या उद्घाटनात पुढाऱ्यासमोर कात्रीचं ताट धरून तो उभा होता, त्यातला पुढारी कापून हा फोटो तयार केला होता. ताट आणि कात्री मात्र राहून गेली होती. मी नुकतीच आंघोळ करून, त्याच्यासाठी मऊ भाताचा डबा घेऊन गोंदियाला दवाखान्यात जायला निघालो होतो. डबा हातातच राहिला. मी ओट्यावर बसलो. समोर अंगणात ताडपत्रीखाली माझी मोटारसायकल उभी होती, आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो तिचाच... आता हिचा दोष कोण सांगणार? आणि दुसऱ्याच क्षणी आला तो त्याहून वाईट होता : आता तो कोणाला कळणारही नाही.

हिवराज मिस्त्रीचं दुकान कामठ्यात, गोंदियाच्या रस्त्याला. टिनाचं छप्पर, मागे घर, आणि पाटीवर एकच शब्द : बॅटरी. ना देवाचं नाव, ना मुलांचं. दुकानात एका फळीवर जुन्या ट्रॅक्टरचा हेडलाइट ठोकलेला होता. त्यातून दोन वायरी निघत आणि त्यांच्या टोकांना चिमटे होते. समोरच्या भिंतीवर चुन्याचा एक चौकोन. बाकी भिंत धुरानं आणि वर्षांनी काळी पडलेली, पण तो हातभर चौकोन दर दिवाळीला नव्यानं पांढरा व्हायचा. मोटारसायकलची बॅटरी काढायची, चिमटे लावायचे, हेडलाइटचा उजेड त्या चौकोनावर पाडायचा आणि आतून बायकोकडून, सुमित्रावहिनींकडून, चहा मागवायचा. चहा संपेपर्यंत उजेड पांढरा राहिला तर बॅटरी चांगली. मध्येच तो हळदीसारखा होऊ लागला तर तिचे दिवस भरत आले. अर्ध्या कपातच मातकट झाला तर बदलायची. गाडीच्या मालकानं समोर बसून पाहायचं, हा नियम. घाईघाईनं चहा संपवणाऱ्याला दुसरा कप मिळत असे, आणि तो प्यावा लागत असे.

त्याच्याकडे मीटर नव्हतं असं नाही. खुंटीला लटकलेलं असायचं, गिऱ्हाइकाचं समाधान म्हणून. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, फळ्यावर शेकडो विद्युतमंडलं काढली, त्यामुळे मला ते मीटर विश्वासाचं वाटे. पहिल्याच भेटीत मी ते उतरवून काटा दाखवला : साडेबारा व्होल्ट, म्हणजे बॅटरी उत्तम. हिवराजनं माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "गुरुजी, बसल्या माणसाची नाडी पाहून राहिले तुम्ही. त्याले धानाचं पोतं उचलाले लावा, मंग समजते." मग त्यानं मला तीन प्रश्न विचारले. गाडी कुठे उभी राहते? एका वेळी किती दूर जाते? चालवणारा कसा आहे? पहिल्या दोनांची उत्तरं मी दिली. माझं घर कामठ्यापासून दोन किलोमीटर आत, शेताच्या कडेला. गाडी घरून चौकात येते आणि चौकातून घरी जाते. "दोन किलोमीटरमंधी तिचा पोट भरत नाही जी. सुरू कराले जेवढं खर्च होते, तेवढंही भरून निघत नाही. हप्त्यातून एकदा गोंदियाले जात जा." मी विचारलं, गोंदियाला काम नसलं तर? "काम नसलं तरीही जा. लोक नाही का जात?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यानं माझ्या तोंडाकडे पाहून स्वतःच लिहून घेतलं असावं. मी भित्रा माणूस आहे. गॅस बंद केला की नाही हे पाहायला अर्ध्या वाटेवरून परत येणारा.

त्या औषधावर आमची मैत्री वाढली. आठवड्यातून एकदा मी विनाकारण गोंदियाला जायचो, आणि बऱ्याचदा मागच्या सीटवर हिवराज असायचा, तोही विनाकारण. वाटेत त्याला इंजिनचा आवाज ऐकायचा असे, म्हणून बोलायची बंदी. बोलणं व्हायचं ते रविवारी सकाळी. तो सायकलनं माझ्याकडे यायचा, कारण जगभरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाकडे स्वतःची गाडी नव्हती. "हिले बॅटरी लागत नाही," एवढंच स्पष्टीकरण. मी पेपर वाचून दाखवायचो आणि तो प्रत्येक बातमीला लोड टाकून पाहायचा. कोणी हजार कोटींची घोषणा केली की म्हणायचा, "हे झालं मीटरवरचं. चहा संपेपर्यंत टिकते का पाहू." बोलताना आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो. मनात मात्र तो मला पहिल्यापासून 'तो'च होता.

माझ्या गाडीला किक नाही. घेताना विकणाऱ्यानं हे मोठं वैशिष्ट्य म्हणून सांगितलं होतं. हिवराजनं ती पाहून मान हलवली. "म्हातारपनी काठी ठेवाव जी. तुम्ही काठीच काढून घेतली." ते वाक्य माझ्या डोक्यात किड्यासारखं शिरलं. बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली नाही तर? पावसाळ्यात, एकटा असताना? म्हणून यंदा जूनमध्ये मी स्वतःच त्याच्याकडे गेलो आणि नवी बॅटरी मागितली. त्यानं जुनी काढून चिमटे लावले. आम्ही चहा प्यायलो. उजेड पांढरा राहिला, अगदी शेवटच्या घोटाला मला तो किंचित पिवळा वाटला. मी तसं म्हटलं. "थो तुमच्या मनातला पिवळा आहे," तो म्हणाला. त्याची एक रीत होती : तपासलेल्या प्रत्येक बॅटरीच्या पोटावर पांढऱ्या ऑइलपेंटनं तिची मुदत लिहायची. तारीख नाही, सण. पोळा, दिवाळी, होळी. माझ्या बॅटरीवर त्यानं लिहिलं, 'दिवाळी'. मी पुन्हा म्हटलं, मिस्त्री, नवीच द्या, मला भीती वाटते. तो ब्रश पुसत म्हणाला, "भीतीसाठी बॅटरी येत नाही, गुरुजी. आली की पहिली तुम्हालेच देतो."

आता मला ते सांगायचं आहे जे मी दोन महिने कोणाला सांगितलं नाही. गणपती बसायच्या आधीच्या शुक्रवारी मी सीट उघडली. बॅटरीच्या टर्मिनलवर, वायरी जोडायच्या टोकांवर, हिरवट पांढरी बुरशी दिसली. ती का येते हे मला रासायनिक समीकरणासकट ठाऊक होतं, आणि ज्ञान असलं की हात शिवशिवतात. मी वायरी सोडवल्या, सोडा घातलेल्या गरम पाण्यानं टर्मिनल घासले, पुसले, व्हॅसलीन लावलं आणि वायरी परत जोडल्या. गाडी सुरू झाली. चौकात जाऊन आलो. हिवराजला रविवारी दाखवायचं ठरवलं. इतक्या वर्षांनी त्याच्या शाळेत एखादा गुण मिळेल, अशी आशा होती.

रविवारी तो आला, पण सायकल हातात धरून, चालत. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. ओट्यावर बसला आणि छातीच्या मधोमध मूठ ठेवून म्हणाला, "इथं कोनी पोतं ठेवल्यासारखं होऊन राहिलं, गुरुजी." मी रुग्णवाहिकेला फोन केला. जवळची गाडी दुसरा रुग्ण घेऊन निघाली होती, दुसरी यायला वेळ होता. मी ठरवलं, मोटारसायकलवर मागे बसवून निदान रस्त्याला तरी न्यायचं. किल्ली फिरवली, मीटरचे दिवे लागले, बटण दाबलं. 'कट्'. एकदाच. आणि सगळे दिवे विझले. हात काढला, दिवे परत आले. पुन्हा दाबलं. पुन्हा 'कट्'. मी हिवराजकडे पाहिलं. तो खांबाला टेकून ऐकत होता. त्यानं उजवा हात उचलला, अंगठा आणि एक बोट जुळवून हवेत फिरवलं. मला वाटलं, किल्ली फिरवा म्हणतोय. मी म्हटलं, "हो, हो, फिरवतो," आणि फिरवली. त्यानं मान हलवली, पुन्हा बोटं फिरवली, तोंड उघडलं. मी ओरडलो, "बोलू नका! अजिबात बोलू नका!" छातीत दुखणाऱ्यानं हलू नये, बोलू नये, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मी फार वाचतो. गाडी ढकलून पाहिली, तर चाक अंगणातल्या चिखलात रुतलं. शेवटी ओळखीच्या ऑटोवाल्याला फोन लावला. त्याला यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत हिवराज माझ्या गाडीकडे पाहत बसला होता, आणि मी घड्याळाकडे.

दवाखान्यात तो तीन दिवस होता. दुसऱ्या दिवशी त्याला बोलता येत होतं. वहिनी उशाशी होत्या. मी शेजारी बसलो तेव्हा छातीला लावलेल्या वायरींकडे डोळ्यांनी दाखवून तो म्हणाला, "पाहा, मलेही चिमटे लावले." मग विचारलं, "गाडी?" मी म्हटलं, बंदच आहे. "हात नोका लावू. मी आल्यावर पाहतो." मला तेव्हाच सांगायचं होतं की शुक्रवारी मी हात लावला होता... नर्स आली, बाहेर व्हा म्हणाली, आणि मी अगदी आज्ञाधारकपणे बाहेर झालो. जाताना डॉक्टरांना गाठून विचारलं, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर? ते घाईत होते. "वेळ महत्त्वाची असतेच," म्हणाले. हे वाक्य मी किती वेळा उलटसुलट करून पाहिलं आहे हे मलाच ठाऊक.

तेराव्यानंतर चौकात शोकसभा झाली. फलकावर त्याला 'विद्युतरत्न' केलं होतं. ज्यांनी त्याला नवी बॅटरी विकत नाही म्हणून नावं ठेवली, तेच पुढच्या खुर्च्यांवर होते. एक वक्ते म्हणाले, त्यांच्या जीवनाची बॅटरी विझली तरी विचारांचा प्रकाश राहील. दुसरे म्हणाले, या माणसाचं निदान उभ्या आयुष्यात एकदाही चुकलं नाही. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे आठवून त्या मध्येच थांबल्या. मी चौथ्या रांगेत तळहात पुसत बसलो होतो. तेवढ्यात लाइट गेली, लाउडस्पीकर बॅटरीवर चालू लागला, आणि आवाज बसत बसत कुजबुजीवर आला. वक्ते तसेच हातवारे करत राहिले. बायकांच्या बाजूनं सुमित्रावहिनींचा आवाज आला, त्या दिवसातला पहिलाच : "पानी नाही तिच्यात. कोनी पाहतलाच नाही."

सभेतलं ते वाक्य मी घरी घेऊन आलो. 'एकदाही चुकलं नाही.' आता हिशेब सरळ होता. त्या सकाळी गाडी सुरू झाली नाही, याला कारण दोनच. एक तर बॅटरी मुदतीआधीच बसली. म्हणजे हिवराजनं लिहिलेली 'दिवाळी' चुकली, मी मागत असताना त्यानं नवी दिली नाही, आणि ती चूक त्यालाच भोवली. नाहीतर बॅटरी चांगली होती आणि शुक्रवारी माझ्याच हातानं काहीतरी बिघडलं. सीट उचलून पाहायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी दोन महिने ताडपत्री उचलली नाही. 'हात नोका लावू' असं तो म्हणाला होता, ही सबब मला फार उपयोगी पडली. एखाद्या दिवशी माझी इच्छा असायची की बॅटरीच बसलेली निघावी. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला त्याच्या सायकलकडे बघवत नसे. ती अजून माझ्याच ओसरीत होती.

दिवाळी आली आणि गेली. वहिनींनी दुकान उघडल्याचं कळलं. बॅटरीवरची मुदत संपली होती, आता सबबही संपली. मी गाडी छोट्या टेम्पोवर चढवली, सोबत सायकल ठेवली आणि कामठ्याला गेलो. भिंतीवरचा चौकोन ताज्या चुन्यानं पांढरा झालेला होता. वहिनींनी सायकलच्या सीटवरून हात फिरवला, ती भिंतीला लावली, आणि माझ्या गाडीची सीट उचलली. वर वाकून दोन बोटं आत घातली. क्षणभर तशाच थांबल्या. मग वायरी सोडवून बॅटरी काढली, पोटावरची धूळ पदरानं पुसून 'दिवाळी' वाचलं. "दोन महिने उपाशी आहे हे. आधी खाऊ घालते, मंग पाहू. उद्या या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा चिमटे तयार होते. त्यांनी चहा आणला, माझ्यासमोर ठेवला, एक कप स्वतः घेतला आणि वायर लावली. चौकोनावर उजेड पडला. पांढरा. मी पहिला घोट घेतला. चहा फार गरम होता, तरी मी घेत राहिलो. उजेड पांढराच. अर्धा कप झाला. मी आयुष्यात इतकं लक्षपूर्वक काही पाहिलं नसेल, निकालाच्या दिवशीही नाही. कुठे पिवळेपणाची कड दिसते का... कप रिकामा झाला. वहिनींनी किटलीतून आणखी ओतला. तोही संपला. चौकोन चुन्यासारखाच होता.

"त्याइचा शब्द खरा," वहिनी म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला. "वहिनी, त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी मी टर्मिनल साफ केले होते. वायरी मीच जोडल्या होत्या."

"मालूम आहे. नट सैल होता. कालच बोटानं पाहिली. पन त्याच्याही आधीपासून मालूम आहे." त्यांनी चिमटा काढला, उजेड गेला. "दवाखान्यात त्याइनंच सांगतलन. म्हने, बॅटरी बसली असती त कटकटकट करती. हे एकदाच कट् म्हनून चूप झाली. गुरुजीनं साफ केलन, नट कसाचा राहिला. मी बोटानं दाखवून राहिलो होतो, थे किल्लीच फिरवून राहिले."

मला ती दोन बोटं दिसली. हवेत फिरणारी.

"मले म्हने, गुरुजीले सांगू नोको. झोपनार नाही थो मानूस. घरी गेल्यावर मीच चुपचाप कसून देतो, आन सांगतो का बॅटरीच बसली होती, माझाच अंदाज चुकला." वहिनींनी चिमट्याची वायर गुंडाळली. "मीही थेच सांगनार होती तुम्हाले. दोन महिने तुमचीच वाट पाहून राहिली. पन काल थे अक्षर पाहतली... मले नाही खोटं पाडवला ते."

रस्त्यानं धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर गेला. मग मी विचारलंच, कारण विचारल्याशिवाय मला उठता आलं नसतं. "वहिनी, ती वीस मिनिटं..."

"थे मले नोका विचारू, गुरुजी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि मला हवं होतं तेही नव्हतं. "थे मले मालूम नाही. तुम्हालेही कवा मालूम होनार नाही." त्यांनी बॅटरी गाडीत बसवली, वायरी जागेवर धरल्या आणि हिवराजचा दहाचा पाना माझ्या हातात दिला. "कसा."

मी नट कसला. त्यांनी बोटांनी पाहिलं. "आनखी." मी आणखी कसला. त्यांनी पुन्हा पाहिलं, मान हलवली, मग फडताळावरून पेंटची डबी काढून 'दिवाळी'च्या खाली, त्याच्या अक्षराला धक्का न लावता, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं : 'होळी'. मी बटण दाबलं. गाडी पहिल्याच वेळी सुरू झाली, आणि तेवढं मात्र मला सहन झालं नाही.

मी अजूनही आठवड्यातून एकदा विनाकारण गोंदियाला जातो. मागची सीट रिकामी असते, पण बोलायची बंदी मी पाळतो. आणि रोज सकाळी, चौकात जायच्या आधी, सीट उचलून अंगठा आणि एक बोट त्या नटावर ठेवतो आणि फिरवून पाहतो. तो हलत नाही. एवढ्या दिवसांत एकदाही हललेला नाही. मी सीट लावतो, किल्ली काढतो... आणि परत एकदा सीट उचलून पाहतो.